वावरात बासरी

सिनेमाच्या पोरांना बासरी सापडली की माकडाच्या हाती कोलीत. गाव दिसलं, लाव बासरी. म्हातारी दिसली, लाव सारंगी. म्हातारी मेली, दोन सारंग्या. वर्ध्याच्या कडेला एका कॉलेजात सिनेमा शिकवतात, तिथे मी ध्वनी आणि संगीत शिकवायला जाते. विद्यादानाची हौस म्हणून नव्हे. घरी सुनेच्या मालिकांचं पार्श्वसंगीत सोसत नाही म्हणून. पोरं तोंडावर मला मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की आजी. जन्मभर कानावर पोट भरलेल्या बाईला पाठीमागचंही स्वच्छ ऐकू येतं, एवढी अक्कल अजून त्यांना आलेली नाही.

यंदा वर्गात आंजी गावची एक मुलगी होती. तिने वडिलांवर छोटीशी फिल्म केली होती. बाप वावरात जातो, चण्याला पाणी देतो, घरी येतो. चित्रं नीट होती. आवाजाच्या जागी मात्र या बाईसाहेबांनी इंटरनेटवरून ‘भारतीय गावाची सकाळ’ नावाची तयार फाइल उतरवून चिकटवली होती. तिच्यात कोकीळ, मोर आणि देवळातली घंटा एकदमच सुरू होत. कान देऊन ऐकलं तर मागे लाटासुद्धा होत्या. आंजीत समुद्र! आणि या सगळ्यावर, अर्थातच, बासरी.

“तुझ्या बाबांच्या वावरात बासरी कोण वाजवतं गं?”

“कोणीच नाई, मॅडम.”

“मग?”

“फील येते न, मॅडम.”

फील! हा शब्द उच्चारला की या पिढीचं काम संपतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, “मॅडम, हे फिल्म बाबाले आवडलीच पाह्यजे. पुण्याच्या साउंडच्या कोर्सले माहा नंबर लागला. बाबा म्हणते, तू इतके दिवस काय शिकली थे आधी दाखव, मंग पाहू. नाई तं गुपचूप बी.एड. कर.”

“आणि बासरी ऐकून ते तुला पुण्याला पाठवतील?”

“रडले तं पाठवतीन.”

मला हसू आलं. कारण ही बया माझ्या चांगल्या ओळखीची होती. विशीत मी मुंबईहून शिकून परतले तेव्हा अशीच होते, फक्त जास्त मूर्ख. गळ्यात स्कार्फ, तोंडात ‘नाद’ आणि ‘अवकाश’. कापसावरच्या एका माहितीपटाचं ध्वनीचं काम मला मिळालं. शूटिंग सेलूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. तिथे यंत्रं सुरू झाली की छातीत धडधडतं, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. माझ्यातल्या विदुषी बाईंनी तो सगळा आवाज काढून फेकला आणि त्या जागी संतूर घातलं. कापूस मऊ, मऊ म्हणजे संतूर, एवढंच गणित! पडद्यावर दातेरी यंत्रं गरगर फिरताहेत, बाया तोंडाला फडकी बांधून ढीग ओढताहेत आणि मागे टिंग टिंग टिंग, जशी काही काश्मीरला सहल निघाली आहे. माझ्या आईने सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, “मशीन बंद पडली होती का वं?” मी तिला अरसिक ठरवून मोकळी झाले. स्कार्फ त्यानंतरही बरीच वर्षं गळ्यात होता.

तर मी बासरी, मोर, समुद्र सगळं पुसायला लावलं. मुलीच्या हातात रेकॉर्डर दिला आणि घरी पिटाळलं. तिने गोठ्यातली साखळी आणली, बापाचा खोकला आणला, विहिरीवरच्या मोटरचा आवाज आणला. मोटर आधी घुर्र करून अडखळते, मग वेग धरते, मग पाइप हवा आणि पाणी दोन्ही थुंकतो. मी खूश झाले आणि नको ती हुशारी शिकवली. म्हटलं, पडदा काळा कर. काही दिसू देऊ नकोस. आधी मोटर ऐकू दे, मग बापाचा चेहरा येऊ दे. एकही वाद्य नको.

फिल्म दाखवायची ठरली तिच्याच अंगणात, संध्याकाळी. भिंतीवर चादर, कुणाच्या तरी लग्नातले मोठे स्पीकर. वडील पुढे, परीक्षकासारखे हाताची घडी घालून. त्यांच्यामागे शेजारपाजारचे बाप्ये, बाजूला बाया आणि मी पाहुणी म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर, शाल पांघरून. घरामागेच वावर आणि विहीर. त्या आठवड्यात शेतीची लाईन, म्हणजे वीज, संध्याकाळी केव्हाही येत होती आणि ती आली की मोटर आपोआप सुरू होई, मग पाणी वळवायला धावावं लागे.

फिल्ममध्ये वडील खोकले, बाया हसल्या. मग पडदा काळा झाला आणि अंधारात मोटर घुर्र करून सुरू झाली.

“लाईन आली!” वडील उठलेच. पायात चपला, खांद्यावर दुपट्टा, गेले. मागून शेजारी ओरडला, “माहं पाणी नालीत जाईन न बे!” आणि तोही पळाला. बघता बघता पुढची सगळी रांग वावरात.

चादरीवर वडिलांचा चेहरा उजळला. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तीच खुर्ची रिकामी.

“मॅडम, बाबा गेले.”

“दिसलं मला.”

“बासरी असती तं थांबले असते.”

कला वगैरे शब्द जिभेवर आले होते, ते गिळले. बी.एड. झालेली ती मुलगी मला डोळ्यांपुढे दिसायला लागली.

थोड्या वेळाने वडील करवादत परत आले. “लाईन कुठी आली? मोटर तं बंद हाये.”

“बाबा, थे पिच्चरमधली मोटर होती.”

शेजारी खो खो हसत सुटला. “घ्या! पोरीनं बापाले वावरात पळवलं!”

वडील हसले नाहीत. बसले आणि म्हणाले, “लाव परत.”

पुन्हा अंधार, पुन्हा मोटर. मी पडदा सोडून त्यांच्या पायाकडे पाहत होते. पाय याही वेळी चपलेकडे गेला आणि तिथेच थांबला.

“हे तं आपलीच मोटर होय. कवा टेप केलं वं तू हे?”

“तुमी चण्याले पाणी देत होते तवा. तुरीत बसून होती मी.”

“अन् मले दिसली नाई?”

“नाई.”

या वेळी ते शेवटपर्यंत बसून राहिले. दिवा लागल्यावर माझ्याकडे वळले. “मॅडम, पुण्यात पोरीच्या राह्याची सोय चांगली हाये का?”

मुलीने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. मी सगळी माहिती दिली, मेसच्या भाजीसकट. मान ताठ, आवाजात गुरुपदाचं तेज. तेवढ्यात ते चाचरत म्हणाले, “एक सांगू का? राग नका मानजा. पिच्चर जरा सुनंसुनं वाटते. मधात एखांदी बासरी टाकाले पाह्यजे होती.”

मुलगी माझ्याकडे बघून गालात हसत होती.

मी शाल कानावर ओढून घेतली आणि या वयात ऐकू कमी येतं, हे आयुष्यात पहिल्यांदा जाहीर केलं.