फळीवरचं वजन

१९५८ साली श्रीवर्धनच्या दक्षिणेला एका कड्यावर दीपगृहाचं बांधकाम चालू होतं. धाया कोळी तिथे मुकादम होता. तारेच्या दोरावर किती वजन टांगायचं, हे तोच ठरवी. पन्नास मणांना तुटणारी तार असेल तर माणसांसाठी तिच्यावर पाच मणच, हा त्याचा नियम.

एके दुपारी तो मेहुण्याला, रतनला, घेऊन टांगत्या फळीवरून कड्याच्या भेगा बुजवायला उतरला. अर्ध्या वाटेवर वरची कप्पी अडकली. फळी वरही जाईना, खालीही येईना. पायाखाली भरतीचं पाणी खडकांवर आपटत होतं. तेवढ्यात डोक्यावर टणकन आवाज झाला. तारेचा एक पेड तुटून उलगडला होता आणि आत तांबडा गंज दिसत होता.

धायाने मान वर करून तो पेड पाहिला. त्याचा हिशेब नव्या तारेचा होता. ही तार खाऱ्या वाऱ्याने किती खाल्ली होती, ते कोणालाच माहीत नव्हतं.

"दाजी, मी तार धरून वर चढतो," रतन रडवेला होऊन म्हणाला.

"हलू नको. हिसका बसला तर आपलंच वजन दुप्पट होईल."

धायाने सिमेंटची बादली, हातोडा, सगळं हळूच समुद्रात सोडून दिलं. मग दोघं श्वाससुद्धा जपून घेत बसले. वरून दुसरा दोर आला तेव्हा ऊन उतरलं होतं. आधी रतनला वर ओढलं, मग धायाला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार ओरडत राहिला, तरी धायाने ती तार छिन्नीने तोडून टाकली. नव्या तारेवर टांगलेल्या फळीवरही त्याने एकाच माणसाला बसायला सांगितलं. पहिला तोच उतरला. गावात दुसरं काम नव्हतं.