कोऱ्या पानावरच्या सह्या

"खाली बस. खुर्चीला चिखल लागेल."

पेणच्या कचेरीत साहेबांसमोर सरपंच मला म्हणाले. मी ग्रामपंचायतीची निवडून आलेली सदस्य. फुटलेल्या बांधावरून तशीच आले होते, गुडघ्यापर्यंत चिखल. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी लादीवर बसले. हो, बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

आमचं गाव कासूच्या पलीकडे, खाडीला लागून. भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून हाक आली की घरटी एक माणूस निघतो. ओहोटी आहे तोवर रांग लावून चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे. एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊही शेजारी उभे राहतात. ही हाक आधी माझा बाप द्यायचा. नंतर मी.

सरपंच जुन्या जमीनदार घरातले, निवृत्त मास्तर. राहतात पेणला, पण माझ्या हाकेची किंमत त्यांना बरोबर ठाऊक. उन्हाळ्यात त्यांनी ग्रामसभेच्या वहीचं कोरं पान माझ्यापुढे धरलं.

"दगडी बांधाचा ठराव करायचाय. तू फिरलीस की लोक डोळे मिटून सह्या देतात."

मी फिरले. शेजारच्या बाळूकाकांनी विचारलं, "वर काय लिवणार गो?"

"आपल्या बांधाचंच हाय, काका."

त्यांनी अंगठा दिला.

दगड काही आले नाहीत. पावसाळ्यात उधाणाला बांध फुटला, म्हणून मी तशीच कचेरी गाठली. सरपंच आधीच साहेबांसमोर बसले होते. साहेबांनी फाइल उघडली. "दगडी बांध पूर्ण झाला, गावाची तक्रार नाही, असा ठराव आहे. सह्या बघा."

सगळ्यात वर माझी.

सरपंच हसले. "हिनंच गोळा केल्यात, साहेब. या गावकऱ्यांना हिची एक हाक पुरते. वाचत कोण बसतंय?"

साहेबही हसले. शिपाई फडकं घेऊन आला आणि मी बसलेली असतानाच माझ्या पायांचे ठसे पुसू लागला.

मी दहावी पास आहे. पण कोऱ्या पानावर वाचणार काय? आणि तसल्या पानावर विश्वास ठेवायला गावाला मीच लावलं होतं. डोकं तडकलं. उठले आणि चिखलाच्या साडीसकट साहेबांसमोरच्या खुर्चीत बसले.

"ठराव खोटा आहे. पान कोरं होतं. सह्या मी आणल्या. लिहून घ्या."

"तूही अडकशील," सरपंच म्हणाले.

"अडकू दे."

गावात सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या उधाणाला बांध पुन्हा फुटला. मी हाक दिली, तर निम्मीच माणसं आली. निम्म्या माणसांनी बांधाचं भगदाड बुजत नाही. बाळूकाकांचं शेत बुडालं. रांगेत ते माझ्या शेजारीच होते.

"चिखल देतो गो तुझ्या हातात. कागद नाय देणार परत."

मी त्यांच्या हातातला गोळा घेतला आणि पुढे दिला.

माझी चौकशी चालू आहे. पद बहुतेक जाईल. जाऊ दे. ग्रामसभेला बसायला पद लागत नाही. मी पुढच्या खुर्चीत बसते, पाय न धुता. सरपंच वही पुढे सरकवतात. मी ती उचलते आणि ओळ न ओळ मोठ्यानं वाचते. पान कोरं असलं, तर सगळ्यांसमोर फाडीन.