खंडेनवमीला देवळात नेलेली पेटी

दसऱ्याच्या सकाळी मी तळेगावच्या घरी दाराला झेंडूचं तोरण बांधत होतो, तेव्हा दत्तूभाऊंच्या शेजारच्या सोपानचा फोन आला. म्हणाला, "सर, भाऊ गेलं... आन् पेटी देवळात व्हती." मी खाली पायरीवर बसलो. त्या दिवशी सोनं वाटलं नाही.

दत्तूभाऊ माझे जुने मित्र. सोमाटण्याच्या बाजूला एका कारखान्यात सुरक्षा विभागात होते, निवृत्तीनंतर गावातच राहिले. माणूस प्रेमळ, पण भांडायला बसला की ऐकायचा नाही. त्यांचा धाकटा भाऊ गोठ्यात कोसळला, तेव्हा लोक त्याला कांदा हुंगवत बसले. तेवढ्यात तो गेला. ते दुःख भाऊंनी कधी बोलून दाखवलं नाही, पण ओळखीपाळखीतून खटपट करून त्यांनी गावासाठी एक यंत्र मिळवलं. हृदय अचानक थांबलं तर विजेचा झटका देऊन ते पुन्हा चालू करू पाहणारं, आणि काय करायचं ते स्वतः बोलून सांगणारं. गावानं त्याला नाव दिलं, झटक्याची पेटी.

ती ठेवायची कुठे, यावर देवळात बैठक झाली. कोणी म्हणालं, धरणाकडं लावू, टुरिस्ट तिथंच येत्यात. कोणी म्हणालं, ग्रामपंचायतीच्या कपाटात, कुलपात. भाऊ उठले. "आपल्या गावात माणसं कुटं पडली, ते आटवा की. कोन मोरीत, कोन गोठ्यात, कोन हातरुणात. समदी घरातच. मग पेटी घरापासनं पळत जाऊन आनता यील, तितंच पायजे. आन् कुलूप न्हाई. चोरीला गेली तर दुसरी आनू, मानूस कुटनं आननार?" अखेर पेटी गावाच्या मधोमध, दूध डेअरीच्या भिंतीवर लागली. मग भाऊंनी घराघरातून माणसं गोळा करून छाती कशी दाबायची ते उशांवर शिकवलं. बायकांना म्हणायचे, "कनीक मळू नका गं, जोर लावा!" सगळ्यांत पटकन शिकला तो शेजारचा ट्रॅक्टरवाला सोपान.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, विळे, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा होते आणि पुजलेली हत्यारं दसऱ्यालाच उचलतात. यंदा सोपाननं भिंतीवरची पेटीही काढली आणि हळदकुंकू लावून देवळात मांडली. भाऊंनी हे पाहिलं, पण हटकलं नाही. संध्याकाळी फोनवर मलाच सांगत होते, "सर, गावानं पेटी आपली मानली बरं का!" आवाजात नुसतं कौतुक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात पडले. सोपान छाती दाबत राहिला. पेटी आणायला धावलेल्यांना आधी डेअरीची मोकळी भिंत दिसली, मग देवळाचं कुलूप. गुरव आपट्याची पानं आणायला गेलेला. कुलूप फोडून पेटी आणली, तोवर उशीर झाला होता. लवकर मिळती तर ते वाचले असते का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. मला फार राग आला. पण कोणावर काढायचा? गावानं त्या यंत्राला जीव लावला होता, एवढाच तर गुन्हा.

सोपान डेअरीच्या वाटेनं जाईनासा झाला. तेराव्यालाही लांब उभा होता. भाऊंच्या पत्नी शांतावहिनींनी त्याला सगळ्यांसमोर हाक मारली. मान खाली घालून तो आला. तो रडायच्या आत त्याच म्हणाल्या, "हे रोज सकाळी पेटी जाग्यावर हाय का, ती चालू असल्याचा हिरवा दिवा लागलाय का, बघून याचे आन् मला सांगायचे. आता कोन सांगनार? तूच सांगायचं."

परवा मी गेलो होतो. वहिनींनी चहा ओतला, सवयीनं एक कप जास्तच. तेवढ्यात बाहेरून सोपानचा आवाज आला, "मावशी, पेटी जाग्यावर हाय. दिवा हिरवा हाय."

वहिनींचा हात थांबला. "बरं," त्या म्हणाल्या. मग दाराकडे न बघताच, हलक्या आवाजात, "या आत. चहा निवतोय."

सोपानला त्या अरे-तुरे करतात. पेटी बघून भाऊ परतले की त्यांना मात्र 'या आत' म्हणायच्या...