तळहातावरची ओली पाटी

रोदांथीच्या बोटांना डोळे आहेत, असं पालिओकाम्बोस गावात म्हणत. म्हणणाऱ्यांत पहिली स्वतः रोदांथी. ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या पूर्व टोकावरच्या त्या गावात एकतीस उन्हाळे तिनं उत्खननातल्या खापऱ्या धुतल्या होत्या. पाण्यात बुडालेली खापरी नुसती चाचपून ती सांगे, हे मडकं चुलीवरचं की पाहुण्यांपुढचं. उत्खननाचे प्रमुख वर्दाकिस साहेब तेच आठवडाभरानं, दोन ग्रंथ उघडून सांगत. नवरा तेवढा तिनं नुसत्या डोळ्यांनी पारखला होता. तो बोटीवर गेला, तो परतला नाही.

त्या ऑगस्टात वर्दाकिस साहेबांच्या कारकिर्दीतला अकरावा हंगाम चालला होता. मडकी उदंड निघाली, पण लिहिलेलं एक अक्षर नाही. वरून निरोप आला होता, यंदा काही लेखी सापडलं तर बघू, नाहीतर खड्डे बुजवा. निम्म्या गावाचा उन्हाळा त्या खड्ड्यांवर चाले, म्हणून या विषयावर कुणी मोठ्यानं बोलत नसे.

अकराच्या सुमारास रोदांथीनं नवी टोपली परातीतल्या पाण्यात रिकामी केली. टोपलीच्या चिठ्ठीवर कुणा विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, 'साध्या खापऱ्या'. डाव्या हातात एक चपटा तुकडा आला, उजव्यात ब्रश होता. ब्रश टेकवण्याआधीच तिचा अंगठा थबकला. भिजलेली खापरी निसरडी होते, बुळबुळीत होत नाही. हा तुकडा साबणासारखा सुटत होता. आणि अंगठ्याखाली कोरलेल्या बारीक रेघा होत्या, ओळीनं.

भाजलेली माती पाण्याला भीत नाही, कच्ची विरघळते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे कारकून लिहीत ते कच्च्या मातीच्या पाट्यांवर.

तिनं तळवा सपाट करून हात अलगद पाण्याबाहेर काढला.

"हारिक्लिया, पळ."

हारिक्लिया शेजारच्या परातीशी बसली होती. ती त्याच परागंदा नवऱ्याची बहीण. "कुठं पळू?"

"कॉफीच्या दुकानात. सितियाच्या म्युझियमला फोन लाव. मानुसोसला म्हणावं, लिहिलेली कच्ची पाटी पाण्यात पडली."

"पडली की पाडलीस?"

"पळ गं!"

मानुसोस म्युझियममधला डागडुजीचा कारागीर. त्याचा उलट निरोप आला, हात हलवायचा नाही, ऊन नको, वारा नको, खाली ठेवायची तर अजिबात नाही, आहे तशीच उचलली तर चिखल होईल. मी निघालो. सितियाहून दीड तास, स्कूटर चालू झाली तर.

गावाला फोन एकच, म्हणून बातमी हारिक्लियाच्या आधी पोचली. भट्टीवाला झाहारिस पिठाच्या हातांनीच आला.

"माझ्या भट्टीत सरकव. दहा मिनिटांत वीट!"

"तुझे पाव बघितलेत मी," रोदांथी ओठ न हलवता म्हणाली. "कोळसा होईल."

पाद्रीबुवाही आले. प्रार्थना म्हणावी असं त्यांच्या मनात होतं, पण पाटी येशूच्या आधीची. ते विचार करत उभे राहिले, त्यानं निदान सावली झाली.

अर्ध्या तासानं मनगटात कळ उठली. तासाभरानं ती खांद्यात गेली. हारिक्लियानं वाऱ्याच्या बाजूला एप्रन ताणून धरला होता.

"एकतीस वर्षं सांगत होतीस, माझ्या हातून काही फुटत नाही. खरंय, वहिनी. फुटलं नाही. विरघळलं."

"हसवू नकोस. हसले तर एक ओळ जाईल."

हसण्याशिवायच गेली. खालचा कोपरा सुटला आणि त्यावरच्या चिन्हांसकट करंगळीवरून ओघळून परातीत पडला. रोदांथीच्या हनुवटीवर घामाचा थेंब जमला, लांबला, सुटला. हारिक्लियानं तो हवेतच एप्रनच्या टोकानं टिपला.

तेवढ्यात वर्दाकिस साहेब टेकडीवरून धापा टाकत आले. "कुणी बुडवली?"

"साहेब, आली तेव्हाच ओली होती," हारिक्लिया पापणी न लववता म्हणाली.

"मी बुडवली," रोदांथी म्हणाली. "टोपलीत कुणीही टाकू दे. पाण्यात घातली मी."

साहेबांनी तोंड उघडलं, पाटीकडे पाहिलं, ओळी मोजल्या आणि तोंड मिटलं. ज्या हातावर ओरडायचं, त्याच हातावर त्यांची अकरा वर्षं विराजमान होती.

मानुसोस आला दोन तास दहा मिनिटांनी. त्यानं पातळ पत्र्याची पट्टी ओली केली आणि नखभर-नखभर करत पाटीखाली सरकवली. पाटी पट्टीवर आली, पट्टी ओल्या वाळूच्या डब्यात गेली.

"सोड आता श्वास, मावशी."

श्वास सुटला. तळवा मात्र संध्याकाळपर्यंत मिटला नाही.

सहापैकी पाच ओळी वाचल्या, म्हणजे शिल्लक राहिल्या. वाचता मात्र ती लिपी कुणालाच आली नाही, अजूनही येत नाही. पण लेखी सापडलं होतं, आणि खड्डे बुजवायचं राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब छापील अहवाल घेऊन धुण्याच्या जागी आले आणि कौतुकानं वाचू लागले. कुणा परदेशी पंडितानं पाटीची मागची बाजू तपासली होती. 'तळव्याचा स्पष्ट ठसा. अंगठ्याच्या मुळाशी तिरका व्रण. लिहिणारी व्यक्ती बहुधा कष्टाची सवय असलेली उतारवयातली स्त्री असावी.'

रोदांथीनं ब्रश ठेवला, डावा हात पुसला आणि साहेबांसमोर धरला. व्रण तिथंच होता.

"तव्यानं भाजलं होतं. लग्नाच्या वर्षी."

"गप्प बस, वहिनी!" हारिक्लिया कळवळली. "पुस्तकात गेलीस, आणखी काय हवं?"

"माझ्या हातचं आहे ते माझंच म्हणायचं. साहेब, लिहून घ्या."

साहेबांनी व्रण अहवालातल्या ओळीशी ताडून पाहिला. मग त्यांनी पेन काढलं. पुढच्या वर्षीच्या अहवालात शेवटच्या पानावर, बारीक टायपात, दुरुस्ती छापून आली. ते पान कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही.

'उतारवयातली' हा शब्द मात्र रोदांथीनं त्या पंडिताला शेवटपर्यंत माफ केला नाही.