आबांची हजेरी

असं काही लिहायचा माझा अधिकार नाही, हे मला कळतं. मी अभ्यासक नाही, मोठा भक्तही नाही. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून आबांबद्दल लिहायचं तर मीच लिहायला हवं. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आबा म्हणजे माझे वडील. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार होऊन घोटावड्याला परतले. मग थोडी शेती आणि कारखान्याच्या गेटवर ड्युटी. आई सकाळच्या पाळीला जायची, तेव्हा बहिणीच्या वेण्या आबाच घालायचे, दोन्ही रिबिनी अगदी एका रेषेत. रोज भैरवनाथाच्या देवळात जायचे, पण हात जोडायचे नाहीत. चपला काढून, टाचा जुळवून सॅल्यूट करायचे. गावातली पोरं हसायची. एकदा कॉलेजातले मित्र आले होते, तेव्हा मलाही लाज वाटली. देवाला कुणी सॅल्यूट करतं का, असं मी नंतर चिडून विचारलं.

"मी मागाया जात न्हाई," आबा म्हणाले. "हजर हाय, येवढंच सांगतोय. फुडचं त्यो बगंल."

मला ते पटलं नाही. तेव्हा माझा देवावर विश्वासही फारसा उरला नव्हता.

माझी शेवटची परीक्षा संपली आणि आठच दिवसांत आबा शेतात कोसळले. शहरातल्या दवाखान्यात हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्यांच्या गटाचं रक्त सहज मिळत नाही. दोन ठिकाणांहून मी रिकाम्या हाताने परतलो. आबा शुद्धीवर होते. त्यांनी एकच विचारलं, "निकाल लागला का रं?"

दवाखान्याच्या फाटकाशी गणपतीचं लहान देऊळ आहे. निकालापर्यंत तरी त्यांना ठेव, असं मागायला तिथे उभा राहिलो. शब्द सुचेनात. टाचा कधी जुळल्या, हात कपाळाशी कधी गेला, मला कळलंच नाही.

"कुठली पलटण?" मागून वॉचमनकाकांनी विचारलं.

मी नाही, वडील, असं म्हणताना मला रडू फुटलं. काका स्वतः निवृत्त जवान होते. उगाच धीर दिला नाही, सगळं ऐकून घेतलं आणि फोन लावत बसले. दुपारपर्यंत तीन अनोळखी माणसं रक्त द्यायला आली. एक नांद्याचे, एक भूगावचे, आणि एक हिंदी बोलणारे, ज्यांचं नाव मी गडबडीत विचारलंही नाही. याला कुणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मी मागितलं नव्हतं, एवढं खरं. त्या तिघांना आणि काकांना मी रोज आठवतो.

ऑपरेशन पार पडलं आणि आबा आणखी चार महिने आमच्यात राहिले. एका विषयाचे गुण न आल्याने माझा निकाल अडकला होता. मी चरफडायचो. आबा रोज संध्याकाळी विचारायचे, नाही म्हटलं की मान हलवायचे आणि बहिणीला जवळ बसवून घ्यायचे. हजर राहायचं आणि पुढचं सोडून द्यायचं, हे मी त्यांच्या खाटेशी बसून शिकलो. अजून शिकतोच आहे.

ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी निकाल आला. खाटेशी टाचा जुळवून उभा राहिलो आणि म्हणालो, "आबा, पास झालो. फर्स्ट क्लास."

"जा, नाथाला सांगून ये," ते म्हणाले. "त्यो बी वाट बगत आसंल."