मास्तरांचा प्रोग्राम पडत नसे

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मास्तरांचा संगणकाचा प्रोग्राम चौदा वर्षांत एकदाही पडला, म्हणजे चालता चालता बंद झाला नव्हता, आणि हे मास्तर दिवसातून निदान चौदा वेळा सांगत. मास्तरांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, प्रत्येक वाक्याला "कळलं?" चिकटवायची खोड, म्हणून मास्तर. कुठल्या बाटलीतलं पाणी पिण्याजोगं, हे त्यांचा प्रोग्राम ठरवी.

मग एक पोरगी नोकरीला लागली. तिचा प्रत्येक प्रश्न "का हो"ने सुरू होई, म्हणून आठवडाभरात ती काहोबाई झाली. प्रयोगशाळेच्या साहेबांचं कुठलंही वाक्य "कसं आहे ना" शिवाय उठत नसे. ते म्हणाले, कसं आहे ना, प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय तिच्या जुन्या आवृत्तीला आता कुणी वाली नाही, तर हिला सगळं नव्याने लिहू दे. वर खिडकीजवळची खुर्चीही तिलाच. मास्तर ती सहा वर्षं मागत होते.

घरी जेवताना त्यांनी तिची नक्कल केली. मान वाकडी, केस कानामागे, "का हो मास्तर, हे असं का केलंय?" बायको म्हणाली, प्रश्न बरा विचारते की. मास्तरांचा घास कडू झाला.

एक हुकमी पान मात्र त्यांच्या हातात होतं. तपासणीचं यंत्र मागच्या खोलीतल्या जुन्या संगणकाला जोडलेलं, आणि त्यावर जुनीच आवृत्ती चाले. पुढच्या खोलीत नवी. प्रोग्रामात चुका झेलायच्या ओळी असतात: अमुक प्रकारची चूक आली तर कोसळू नको, असं कर. पण झेललेल्या चुकीला नाव द्यायची रीत दोन आवृत्त्यांत निराळी, एकीची दुसरीला कळत नाही. मास्तरांनी मागेच नाव देणं सोडलं होतं. येईल ते झेला, पुढे चला. दोन्हीकडे चालतं. हे त्यांनी तिला सांगितलं नाही. अडू दे, मग येईल दारात.

चाचणीच्या दिवशी दोघांचे प्रोग्राम मागच्या खोलीत गेल्या महिन्याच्या त्याच बाटल्यांवर चालायचे होते. जो सरस, तो सोमवारपासून लागू. काहोबाईचा जुन्या संगणकावर बिनबोभाट सुरू झाला. आधी चूक झेलायची आणि ती कोणती हे मागाहून विचारायचं, ही वाट तिने आपली आपणच काढली होती. मास्तरांच्या पोटात दुखलं. पण दोनशे तेराव्या बाटलीशी तिचा प्रोग्राम थांबला, आणि मास्तरांचा थेट शेवटाला पोचला. साहेब नेमके फोनवर बोलत बाहेर गेले होते.

"पडला गं तुझा," मास्तर गोड आवाजात म्हणाले. "आमचा नाही पडत. कळलं?"

"यंत्राने आकड्याऐवजी नुसत्या रेघा पाठवल्यात," ती म्हणाली. "का हो मास्तर, तुमच्याकडे या बाटलीला आकडा आला कुठून?"

मास्तरांनी पाहिलं. दोनशे बाराव्या बाटलीचाच आकडा, दशांशासकट. रेघा वाचता आल्या नाहीत, चूक उठली, त्यांच्या ओळीने ती मुकाट गिळली आणि आधीचा आकडा तसाच पुढे सरकला. काढायचं होतं फक्त झेललेल्या चुकीला दिलेलं नाव. घाईत त्यांनी कुठल्या प्रकारची चूक झेलायची तेही काढून टाकलं होतं. महिन्यात अशा पाच बाटल्या. पाचांवर शेरा 'पिण्याजोगं'.

"मी नाही बोलणार," ती हळूच म्हणाली. "साहेबांना तुम्हीच सांगा."

म्हणजे मोठेपणाही हिच्याचकडे! मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. गप्प बसलं तर सोमवार आपला. पण त्या पाच नळांचं पाणी कोणीतरी पीत होतं.

साहेब आत आले. कसं आहे ना, पडला कोणाचा?

"पडला हिचा," मास्तर म्हणाले. "चुकला माझा. त्या पाच ठिकाणांना आत्ता फोन करा."

या वाक्याला "कळलं?" नव्हतं.

सोमवार काहोबाईला मिळाला, शाबासकीही. मास्तर जुन्या प्रोग्रामातल्या एक्केचाळीस चुका गिळणाऱ्या ओळी दुरुस्त करून मागच्या सगळ्या वर्षांच्या बाटल्या धुंडाळायला बसले. ती खुर्ची ओढून जवळ आली. का हो मास्तर, निम्म्या मी घेऊ का?

मास्तरांनी संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवला.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "या चुका माझ्या आहेत."