बनातलं चौदावं पान

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याला लागलं की कुंभारी येते. ती ओलांडली की एक कच्ची वाट फुटते, ती जाते बोरहळ्ळीला. गावाच्या अलीकडंच सोमलिंगाचं बन आहे. आजूबाजूचं रान सगळं उघडंबोडकं, उन्हात डोळे दिपतील असं, आणि मधेच हे चार-पाच एकर गच्च काळं. कडुनिंब, करंज, हिवर, बेल, चिंच. कुणी लावलेली नाहीत आणि कुणी तोडलेलीही नाहीत. देवाचं म्हणून राहिलं, नाहीतर कधीच चुलीत गेलं असतं.

या बनात रोज सकाळी झाडलोट करायची शिवबाई. सासू गेली तसा खराटा हिच्या हातात आला, त्याला चाळीस वर्षं झाली. कुणी नारळ फोडला तर एक भकल मिळायची, बाकी काही नाही. पण शिवबाईला त्याचं काही वाटायचं नाही. नवरा गेला तेव्हा घर माणसांनी भरलेलं, धड रडायलाही जागा नव्हती. तेव्हा ती बनात येऊन मोठ्या करंजाखाली बसली आणि पोटभर रडून घरी गेली. तेव्हापासून बनाशी तिचं जमलं ते जमलंच. सून वाईट नव्हती हो, पण तिचा टीव्ही पहाटे सहालाच बोलायला लागायचा.

बनाची रीत कडक. चप्पल हद्दीच्या दगडाबाहेर. बनातलं काहीही बाहेर न्यायचं नाही, वाळकी काडीसुद्धा नाही. झाडायचं ते बाहेर लोटायला नव्हे. ज्या झाडाचं पान, त्याच्याच बुडाशी नेऊन टाकायचं. निघताना लुगड्याला कुसळ चिकटलं असेल तर तेही काढून आत टाकायचं, मग बाहेर पाऊल. बोरहळ्ळीची पोरं चालायला शिकायच्या आधी हे शिकतात.

अशा गावात एक दिवस उत्कर्षा आली. ही जुळे सोलापूरची, योग शिकवणारी, तीस-बत्तीसची पोरगी. तिला रविवारी सकाळी शहरातली माणसं बनात आणायची होती. निसर्ग आणि आरोग्य शिबिर म्हणे. शांत बसायचं, पाखरं ऐकायची, अनवाणी चालायचं.

गावचे जाणते रुद्रप्पा. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र हलगीसारखा. ते म्हणाले, "मातीत अनवाणी चालायला पेट्रोल जाळून यायचं? आमी तर आजून चप्पल घ्यायचीच वाट बघतोय."

सगळी हसली. उत्कर्षाही हसली. मग रुद्रप्पांनी रीत सांगितली, "परक्याला आत घ्यायचं तर गावातलं कुणीतरी जामीन पायजे. दगडावर हात ठेवून म्हनायचं, ह्यांचं काय चुकलं तर माजं चुकलं. चुकलं आन निस्तरलं न्हाय, तर जामीनदारानं वरीसभर हद्दीच्या आत पाऊल टाकायचं न्हाय."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शिवबाई पुढं झाली आणि दगडावर हात ठेवला. कशावरून? तर त्या पोरीनं दगडापाशी आल्या आल्या, कुणी न सांगता चप्पल काढली होती. एवढ्यावरून.

शिबिर लागलं. दर रविवारी दहा-पंधरा माणसं यायची. शिवबाई हद्दीबाहेर चूल मांडून भाकरी आणि शेंगाचटणी करायची. पण चुलीपाशी तिचं बूड टिकेना. एकदा उत्कर्षानं सगळ्यांना झाडाला मिठी मारायला सांगितली. एक बाई डोळे मिटून हिवराला बिलगली आणि शिवबाई चुलीपासून ओरडली, "आवं ताई, त्याला नको, त्याच्यावर मुंगळं हायती! पलीकडचा निंब धरा, त्यो गरीब हाय!"

त्या दिवसापासून झाड कोणतं धरायचं हे मॅडमला कुणी विचारीना. "आजी, मला कुठलं?" म्हणून सगळी शिवबाईकडंच. कुणाला झोप येत नाही, त्याला चिंचेपासून लांब, बेलाखाली. कुणाचं घरात पटत नाही, त्याला मोठ्या करंजाखाली एकट्यानं. ह्यात औषध किती आणि शिवबाईचं मन किती, ते सोमलिंगालाच ठाऊक. पण माणसं बरी होऊन जायची, निदान भाकरी तरी दोन जास्त खायची.

आता चूक कशी झाली ते ऐका. शिवबाईनं पाहुण्यांना सगळं सांगितलं होतं. थुंकायचं नाही, फांदी मोडायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. पडलेलं उचलू नका, हे मात्र सांगितलं नव्हतं. म्हणजे ते सांगावं लागतं हेच तिला माहीत नव्हतं. 'दुसऱ्याच्या घरातला तांब्या उचलून नेऊ नका' असं पाहुण्याला कोण सांगतं?

सोलापुरातली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा सरल्यावरचा एक सोमवार. रुद्रप्पा शिवबाईच्या अंगणात चहाला बसलेले आणि उत्कर्षा फोन पुढं करून कौतुकानं सांगत होती, "आजी, काल मी सगळ्यांना एकेक गोष्ट निवडायला सांगितली. पान, बी, शेंग, काहीही. घरी ठेवायची, बघितली की मन शांत होतं. बघा ना, चौदा घरांत आपलं बन पोचलं!"

शिवबाईच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. रुद्रप्पांनी कप खाली ठेवला.

"बाहेर नेलं?"

"तोडलं काहीच नाही हो आजोबा, पडलेलंच घेतलं."

"शिवक्का," रुद्रप्पा पोरीकडं न बघता म्हणाले, "फुडल्या सोमवारच्या पूजेच्या आत चौदाच्या चौदा वस्तू आत आल्या पायजेत. न्हायतर तुला ठाव हाय." आणि चहा तसाच टाकून गेले. रुद्रप्पांनी चहा टाकला म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

उत्कर्षा रडकुंडीला आली. शिवबाई म्हणाली, "रडू नगं. मी सांगाय पायजे हुतं. तुजी ती गाडी मला पेलंल का, त्येवडं सांग."

बुधवारपासून दोघी स्कूटीवरून जुळे सोलापूर पालथं घालायला लागल्या. मागं शिवबाई, मांडीवर दुरडी. ती जन्मात पहिल्यांदा लिफ्टमधे चढली आणि डोळे मिटून सोमलिंगाचं नाव घेतलं. दार उघडलं तर वेगळीच गल्ली! "येवडं हातभर वर जायाला देवाला कशाला तरास दिला मी," म्हणाली.

घरोघरी एकेक तऱ्हा. एका डॉक्टरीणबाईनं बेलाचं पान काचेत बसवून भिंतीवर लावलेलं. ते काढून देताना तिचा जीव वरखाली. शिवबाई म्हणाली, "ताई, तुमची पोर सासरी जाती तवा असंच हुईल. द्या." एका पोरीनं मोराचं पीस शाळेच्या वहीत चिकटवलेलं, त्याखाली बाईंनी लाल शाईनं 'छान' लिहिलेलं. पीस आलं, 'छान'सुद्धा त्याला चिकटून आलं. एका घरी करंजाची बी कुंडीत पुरलेली. शिवबाईनं कुंडीच उचलली. "बी एकटी काढली तर दुखंल तिला." त्या दिवशी कुंडी गुडघ्यांत धरून ती आली, तेव्हा कुंभारीच्या फाट्यावरची पोरं उठून उभी राहिली होती.

शनिवारपर्यंत तेरा झाल्या. राहिले उदयसिंह साहेब. मूळचे अकलूजकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, ब्लडप्रेशरवाले. दार उघडताच म्हणाले, "या या आजी, ठेवलंय तुमचं," आणि निंबाचं एक पान दुरडीत टाकलं.

शिवबाईनं पान बोटांत धरलं. हिरवंगार. देठाला अजून ओल. गेल्या रविवारी उचललेलं पान असं कसं राहील? सोसायटीच्या फाटकापाशी निंब होता, तो तिनं येतानाच पाहिला होता.

"साहेब, हे बनातलं हाय?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आजी, खरं सांगू? कामवालीनं झाडताना ते पान घंटागाडीत दिलं. पण निंबच आहे की हा. पान म्हणजे पान. कोण ओळखतंय?"

तेही खरंच होतं. रुद्रप्पांना मोतीबिंदू. ओळखणारं माणूस गावात एकच, आणि त्या माणसानं ओळख दाखवली तर वर्षभर त्यालाच बाहेर बसायचं. शिवबाईनं पान दुरडीत टाकलं. परत येताना ती स्कूटीवर मान खाली घालून दुरडी धरून बसली. उत्कर्षाला वाटलं, आजी दमल्या.

सोमवारी हद्दीच्या दगडापाशी सगळा गाव जमला. शहरातलीही बरीच माणसं आली होती, उदयसिंह साहेब सगळ्यांच्या मागं. रुद्रप्पा एकेक वस्तू चाचपून आत टाकत होते. बेलाचं पान, पीस, कुंडी, हिवराची शेंग. चौदावं निंबाचं पान त्यांनी बोटांनी चोळलं आणि म्हणाले, "चौदा. सुटलीस, शिवक्का."

पान आत पडायच्या आधी शिवबाईनं हात पुढं केला.

"अण्णा, तेरा आली. ते बनातलं न्हाय."

रुद्रप्पा चिडले. "अगं, मी मोजलं की! मी सुटलीस म्हनलो की! तुला गप बसाय काय हुतं?"

"आज गप बसले आसते, अण्णा. पर उद्या झाडताना ते पान कुटल्या झाडाच्या बुडात टाकू? त्याचं झाड हितं न्हाय."

तेवढ्यात मागून उदयसिंह साहेब पुढं आले, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "चूक माझी आहे. पान मी हरवलं आणि खोटं मी आणलं. शिक्षा मला करा, आजींना नको."

"तुमाला कशी? तुमी कुटं दगडावर हात ठेवला हुता?" रुद्रप्पा म्हणाले. "रीत ती रीत. वरीसभर—"

आणि मग गाव बोलायला लागलं. एक बाई म्हणाली, चाळीस वर्षं झाडलं तिनं, त्याचं काही नाही का? कुणी म्हणालं, तेरा आणल्या त्या का फुकट? उत्कर्षा म्हणाली, "आजोबा, चौदा गेल्या आणि एकही आली नाही तर वर्ष. मग एकच राहिली तर?"

रुद्रप्पांनी बोटं मोजून बघितली, मग म्हणाले, "तर वरसाचा चौदावा हिस्सा. पर त्यो किती?"

सगळे बँकवाल्या साहेबांकडं वळले. साहेबांनी डोळे मिटले, ओठ हलवले. "सव्वीस दिवस. वर थोडे तास."

"तास देवाला माफ," रुद्रप्पा म्हणाले.

"आन ह्या सव्वीस दिसांत झाडायचं कुनी?" शिवबाईनं विचारलं. तिला त्याचीच काळजी.

"मी," साहेब म्हणाले.

गाव इतकं हसलं की बनातले पारवे उडाले. "झाडनाऱ्याला जामीन लागत न्हाय," रुद्रप्पाही हसत म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला साहेबांची गाडी दगडापाशी हजर. बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली. शिवबाई हद्दीबाहेर एका धोंड्यावर बसलेली, घोंगडं पांघरून. आत जाता येत नव्हतं, पण तोंडाला कुणी हद्द घातली नव्हती.

"साहेब, खराटा उलटा धरलाय!"

"आजी, हाच सुलटा वाटतोय मला!"

"आन वाकून झाडा, उभ्यानं काय ऑफिस तपासताय व्हय?"

आठवडाभर असंच. साहेबांच्या तळहाताला फोड आले, ते फुटले, घट्टे पडले. मग एक दिवस ती ओरडायच्या आधीच आतून आवाज आला, "आजी, करंजाखाली आज पाचोळा लई हाय!" अकलूजची बोली परत आली होती, ऑफिसात चाळीस वर्षं गिळलेली. शिवबाईनं विचारलं, "मुंगळं उठल्यात का हिवरावर?" तर म्हणे, "उठल्यात, वरच्या अंगाला." रोज आतली बातमी साहेब सांगायचे आणि ती बाहेर बसून ऐकायची. चाळीस वर्षांत असं कधी बाहेर बसावं लागलं नव्हतं. मग ती मुद्दाम चूक काढायची. रविवारी शिबिराची माणसं यायची, पण आत जाता येईना. जामीनदार बाहेर, तर पाहुणेही बाहेर. उत्कर्षानं त्यांना धोंड्यापाशीच बसवलं आणि शिवबाईनं पहिलं वाक्य सांगितलं, "पडलेलं उचलायचं न्हाय."

सव्वीस दिवस भरले. सत्ताविसाव्या सकाळी शिवबाई उजाडायच्या आत आली. दगडापाशी क्षणभर थांबली, मग पाऊल आत टाकलं. माती गार होती. करंजाखाली गेली आणि तिथंच कपाळाला हात लावला.

साहेबांनी झाडलं होतं छान, पण करंजाचा सगळा पाचोळा निंबाच्या बुडाशी आणि निंबाचा बेलापाशी. सव्वीस दिवस! वाळलेली पानं ओळखता येत नव्हती त्यांना, आणि बाहेरून दिसलं नव्हतं तिला.

"यव्वा, काय करून ठेवलंय ह्या माणसानं!" ती मोठ्यानं म्हणाली. पदर खोचला, खाली बसली आणि एकेक पान निवडायला लागली. हे निंबाचं, हे करंजाचं, हे बेलाचं. उन्हं बनात उतरायला लागली होती, भारद्वाज कुठंतरी घुमत होता, आणि शिवबाई शिव्या घालत होती, सगळ्या हसत हसत.

दगडापाशी गाडी थांबली. साहेब, बूट हातात घेऊन.

"आजी, माझे दिवस संपले. तरी येऊ का आत?"

शिवबाईनं मान वर केली.

"या की. पर खराट्याला हात लावायचा न्हाय. हितं बसा माज्याशेजारी, आन आधी पानं वळखायला शिका."